कासचं पाणी, कृष्णेचं पाणी आणि काचेतले मासे

घरात पहिला फिशटँक येतो तेव्हा चर्चा होते ती काचेची, दिव्याची, रंगीत खड्यांची आणि माशांच्या जोड्यांची. पाण्याबद्दल कुणी विचारत नाही, कारण पाणी घरातच असतं. नळ सोडला, टाकी भरली, दुकानदारानं दिलेल्या दोन बाटल्यांतले थेंब टाकले आणि संध्याकाळपर्यंत मासे आत. मग आठ-दहा दिवसांत एकेक मासा वर येऊन तोंड उघडझाप करू लागतो, आणि शाळेतून आलेली मुलं दप्तर न ठेवताच टाकीकडे धावतात. मासे नाजूक जातीचे होते, दुकानदारानं आजारी मासे दिले, कुणाची तरी नजर लागली, अशी कारणं निघतात. खरं कारण बहुतेक वेळा पाण्यात असतं. ते समजून घेतलं तर यातले बरेचसे मासे वाचतात, आणि त्यासाठी लागणारी माहिती घरच्या स्वयंपाकघरात तपासून पाहण्याइतकी सोपी आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट मनाशी पक्की करायला हवी. 'नळाचं पाणी' असं एकच पाणी नसतं. सातारा आणि सांगली ही एकाच कृष्णेच्या खोऱ्यातली शहरं, रस्त्यानं अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. तरी दोन्हीकडच्या नळाचं पाणी माशांच्या दृष्टीनं वेगळं आहे. त्यामुळे साताऱ्यातल्या मित्राचा सल्ला मिरजेत चालेलच असं नाही, आणि परदेशी व्हिडिओतली कृती तर दोन्हीकडे जशीच्या तशी लागू पडत नाही.

सातारा शहराच्या मोठ्या भागाला कास तलावाचं पाणी मिळतं. ब्रिटिश अमदानीत बांधलेला हा तलाव शहराच्या पश्चिमेला, सुमारे १२०० मीटर उंचीच्या कास पठाराजवळ आहे आणि तिथलं पाणी उतारानं यवतेश्वरच्या डोंगराकडून शहरात येतं. फुलांसाठी प्रसिद्ध असलेलं हे पठार जांभ्या दगडाचं आहे. हजारो वर्षं कोसळणाऱ्या पावसानं त्या दगडातला विरघळण्याजोगा चुना कधीच धुऊन नेला आहे. म्हणून तलावात साठतं ते जवळजवळ पावसाचंच पाणी असतं: हलकं, क्षार कमी, साबणाला लगेच फेस देणारं. शहराच्या काही भागांत कृष्णेचं पाणी येतं. तेही इथं अजून डोंगराच्या जवळचं असतं.

सांगलीपर्यंत पोचताना हीच कृष्णा बदलते. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, सांगलीत तो सहाशेच्या आसपास येतो. मधल्या वाटेत कऱ्हाडला कोयना मिळते आणि मग नदी उसाच्या पट्ट्यात शिरते. पाटाच्या पाण्यानं भिजलेल्या शेतांतून झिरपणारं पाणी आपल्याबरोबर जमिनीतले क्षार आणि खतांचे अंश घेऊन नदीत परत येतं. गावोगावचं सांडपाणी येतं. सांगलीत शेरीनाल्याचं पाणी नदीत मिसळण्याचा प्रश्न तर पिढ्यान्‌पिढ्या गाजतो आहे. नदीतून उपसलेलं पाणी माळबंगल्याच्या केंद्रात शुद्ध होऊन घरोघरी जातं आणि माणसांना पिण्यायोग्य होतं. पण गाळणं आणि निर्जंतुक करणं यांमुळे विरघळलेले क्षार निघत नाहीत. ते नळापर्यंत येतातच. शहराबाहेरच्या वसाहतींत आणि जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडे अनेक घरांत बोअरचं पाणी असतं, ते आणखी जड. मिरज, पलूस, वाळवा तालुक्यांतल्या क्षारपड पट्ट्यात विहिरीचं पाणी कधी कधी चवीलाच मचूळ लागतं.

तर माशांसाठी पाणी तयार करायचं म्हणजे दोन वेगळी कामं आहेत. माणसांसाठी पाण्यात मुद्दाम घातलेली एक गोष्ट काढायची, आणि दगड-मातीतून पाण्यात आलेल्या गोष्टी ओळखून त्यांना मानवतील असे मासे निवडायचे. पहिलं काम क्लोरिनचं आहे.

क्लोरिनबद्दल राग धरण्याचं कारण नाही. १९०८ साली अमेरिकेतल्या जर्सी सिटीत शहराच्या पाण्यात तो नियमितपणे मिसळला जाऊ लागला आणि पुढे जगभर पटकी-विषमज्वराच्या साथी आटोक्यात आणण्यात त्याचा मोठा वाटा राहिला. भारतीय मानक १०५०० प्रमाणे ग्राहकाच्या नळाला पोचेपर्यंत पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरिन शिल्लक असावा लागतो. आपल्या पोटात तो अन्नाशी मिसळून निष्प्रभ होतो. माशाचं तसं नाही. मासा चोवीस तास ते पाणी कल्ल्यांवरून फिरवत असतो. कल्ल्यांची त्वचा एखाद-दुसऱ्या पेशीइतकी पातळ असते, कारण तिच्यातूनच प्राणवायू रक्तात जातो, आणि क्लोरिन नेमका तिथंच भाजतो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनं गोड्या पाण्यातल्या जिवांसाठी क्लोरिनची दीर्घकाळची मर्यादा लिटरला ०.०११ मिलिग्रॅम ठरवली आहे. आपल्या नळाला जे किमान हवं, ते या मर्यादेच्या अठरा पट आहे. माणसाला सुरक्षित असलेलं पाणी माशाला जाळतं, ते असं.

सुदैवानं क्लोरिन पाण्यात टिकून राहत नाही. रुंद तोंडाची बादली किंवा टब भरून, उघडा ठेवून, चोवीस तास थांबलं तर नेहमीच्या पुरवठ्यातला क्लोरिन बहुतेक उडून जातो. उन्हात तो लवकर मोडतो. टाकीसाठी आणलेल्या हवेच्या पंपाची नळी बादलीत सोडली तर काही तासांतच काम होतं. इथं आपल्याकडच्या घरांना एक फायदा आहे. पाणी दिवसातून एकदा किंवा एक दिवसाआड येतं, त्यामुळे बॅरल, पिंप, हौद भरून ठेवण्याची सवय घराघरांत आहेच. फक्त हे लक्षात ठेवायचं की झाकण लावलेल्या, खोल टाकीत क्लोरिन हळू उडतो. गच्चीवरच्या काळ्या टाकीत काल भरलेलं पाणी म्हणून ते क्लोरिनमुक्त झालं, असं गृहीत धरू नये. माशांचं पाणी वेगळ्या बादलीत, उघडंच मुरू द्यावं, वर मच्छरदाणीचा तुकडा बांधावा. ती बादली साबण-फिनेलच्या वापरातली नसावी, फक्त माशांसाठी राखलेली असावी.

खेड्यात राहणाऱ्यांनी थोडी जास्त काळजी घ्यायला हवी. ग्रामपंचायतीच्या टाकीत जलसुरक्षक टीसीएल पावडर (ब्लीचिंग पावडर) टाकतो. ही चांगल्या प्रतीची असली तर तिच्यात वजनाच्या साधारण तिसरा हिस्सा उपयोगी क्लोरिन असतो, पण उघड्या पोत्यात, दमट खोलीत ठेवली की तो कमी होत जातो. त्यामुळे एक दिवस नळाला काहीच वास येत नाही आणि नवीन पोतं फोडलं की दुसऱ्या दिवशी पाणी नाकाला झोंबतं. हाताशी क्लोरिन तपासण्याचा ओटी टेस्टचा संच असेल तर बादलीतलं थोडं पाणी परीक्षानळीत घेऊन थेंब टाकून पाहावं. पिवळी झाक आली म्हणजे क्लोरिन आहे, रंग आला नाही म्हणजे पाणी माशांना चालेल. ते रसायन विषारी आहे, म्हणून तपासलेलं पाणी परत बादलीत ओतू नये. घरी पिण्याच्या पाण्यात मेडिक्लोरचे थेंब टाकत असाल तर ते पाणीही माशांना नको.

थांबायला वेळ नसेल तर अँटिक्लोरिन वापरतात. दुकानात मिळणाऱ्या साध्या बाटलीत बहुधा सोडियम थायोसल्फेट असतं, जुने छायाचित्रकार ज्याला हायपो म्हणत तेच. त्याचं गणित सरळ आहे. १ मिलिग्रॅम क्लोरिन मारायला साधारण ७ मिलिग्रॅम हायपोचे खडे लागतात. म्हणजे १०० मिलिलिटर पाण्यात १३ ग्रॅम खडे विरघळवून द्रावण केलं, तर त्याचा एक थेंब एक लिटर पाण्यातला जवळपास १ मिलिग्रॅम क्लोरिन संपवतो. घरगुती नळासाठी लिटरला एक थेंब पुरेसा होतो. टँकरच्या किंवा पुरानंतरच्या पाण्याला एवढा पुरेलच असं नाही, तिथं ओटी टेस्ट करूनच ठरवावं.

सांगलीकरांसाठी यात एक जास्तीची बाब आहे. उन्हाळ्यात नदीची धार बारीक होते आणि तिच्यात सांडपाण्याचा वाटा वाढतो. सांडपाण्यात अमोनिया असतो. अशा पाण्यात क्लोरिन घातला की त्याचा काही भाग अमोनियाशी जोडला जाऊन क्लोरामाइन होतं, आणि हे क्लोरामाइन बादली उघडी ठेवून सहजासहजी उडत नाही. थायोसल्फेट त्याला फोडतं खरं, पण आतला अमोनिया मोकळा होतो. म्हणून मार्च ते मे या काळात एका वेळी थोडंच पाणी बदलावं, मुरवण्याबरोबर अँटिक्लोरिनही वापरावं, आणि अमोनियालाही बांधून ठेवणारं औषध मिळालं तर तेच घ्यावं.

अँटिक्लोरिनबरोबर दुकानदार अनेकदा दुसरी एक निळ्या औषधाची बाटली देतात. ती मेथिलीन ब्लूची असते. बुरशीवर, अंड्यांसाठी, आजारी माशाला वेगळ्या भांड्यात ठेवताना तिचा उपयोग आहे. निरोगी माशांच्या नव्या टाकीत ती दर वेळी टाकणं मला चुकीचं वाटतं, कारण पुढे ज्या जिवाणूंची आपण वाट पाहणार आहोत, त्यांनाच ती मारते. तुरटीचंही तसंच. पावसाळ्यात गढूळ पाणी आलं की घरात तुरटी फिरवतात. पिण्याच्या पाण्यासाठी ही जुनी आणि चांगली रीत आहे. पण तुरटीनं पाण्याची आम्लता वाढते आणि हलक्या पाण्यात विरघळलेलं ॲल्युमिनियम माशांच्या कल्ल्यांना बाधतं. माशांसाठीचं गढूळ पाणी दोन दिवस स्थिर ठेवून वरचं निवळ पाणी काढून घ्यावं, तेवढं पुरे.

आता दुसरं काम, पाण्याचा जडपणा ओळखण्याचं. यासाठी प्रयोगशाळा लागतेच असं नाही. डाळ शिजायला वेळ लागतो का, गिझरच्या कॉइलवर आणि नळाच्या तोंडावर पांढरी पुटं चढतात का, अंगाच्या साबणाला फेस येतो का, हे घरातल्या बाईला वर्षानुवर्षं ठाऊक असतं. टाकी आणणाऱ्यानं आधी तिलाच विचारावं. शंका असेल तर दोन सारख्या बाटल्या घ्या. एकीत नळाचं पाणी, दुसरीत आरओचं किंवा पावसाचं. दोन्हींत साबणाच्या पाण्याचे सारखे थेंब टाकून हलवा. जडपणा डोळ्यांनी दिसतो. पेनाएवढा टीडीएस मीटरही उपयोगी आहे, पण तो सगळ्या विरघळलेल्या क्षारांची बेरीज सांगतो, त्यातला चुना-मॅग्नेशियमचा जडपणा वेगळा सांगत नाही. पिण्याच्या पाण्यासाठी मानक टीडीएस ५०० आणि जडपणा २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला मानतं, आणि दुसरी सोयच नसेल तर अनुक्रमे २००० आणि ६०० पर्यंत चालवून घेतं. नेमके आकडे हवे असतील तर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत नमुना देता येतो. बोअरवाल्यांनी तो जरूर द्यावा, आणि अहवालात नायट्रेटचा आकडा पाहावा. उसाच्या पट्ट्यात तो वाढलेला असू शकतो. पिण्याच्या पाण्यात मर्यादा ४५ आहे; आकडा तिच्या आसपास किंवा वर असेल तर त्या पाण्यानं टाकी सुरुवातीपासूनच अर्धी शिळी असते.

जड पाणी म्हणजे वाईट पाणी, हा समज सोडून द्यावा. गप्पी, मॉली, प्लॅटी, सोनेरी मासा यांना थोडं जड, किंचित अल्कधर्मी पाणी मानवतं. मॉलीला तर हलक्या पाण्यात त्रासच होतो. सांगलीच्या नळाच्या पाण्यात हे मासे नीट वाढतात. गप्पी हा तर आपल्या जिल्ह्यांत घरचाच झाला आहे. डासांच्या अळ्या खातो म्हणून आरोग्य खातं तो गावोगाव वाटत आलं आहे, आणि दक्षिण अमेरिकेच्या ईशान्य टोकाकडचा हा मासा आपल्या हौदात वर्षभर पिल्लं देतो. नवशिक्यानं सुरुवात त्यानंच करावी असं माझं स्पष्ट मत आहे. निऑन टेट्रासारखे ॲमेझॉनच्या खोऱ्यातले मासे हलक्या पाण्याचे. साताऱ्यात कासचं पाणी येणाऱ्या घरात त्यांची शक्यता चांगली, जतच्या बोअरच्या पाण्यात मात्र त्यांना आणणं हे त्यांच्यावर अन्याय करणं आहे.

हलक्या पाण्याचा एक धोकाही आहे, आणि साताऱ्यात तो ओळखायला हवा. पाण्यातले बायकार्बोनेट क्षार आम्ल शोषून घेतात. माशांची विष्ठा, उरलेलं खाद्य, जिवाणूंचं काम, या सगळ्यांतून टाकीत सतत आम्ल तयार होत असतं. जड पाणी ते महिनोन्‌महिने पचवतं. हलक्या पाण्यातला साठा थोडा असतो. तो संपला की सामू (पीएच) एकदम घसरतो आणि सगळे मासे एका रात्रीत आजारी दिसू लागतात. उपाय स्वस्त आहे. मूठभर शिंपल्यांचा चुरा किंवा संगमरवरी खडी कापडी पुरचुंडीत बांधून फिल्टरपाशी ठेवावी, ती लागेल तेवढा चुना हळूहळू सोडते. हीच खडी सांगलीच्या टाकीत तळाला पसरली तर आधीच जड असलेलं पाणी आणखी जड होतं. म्हणून खडे विकत घेताना त्यावर लिंबू पिळून पाहावं. फसफसलं तर त्यात चुना आहे. आपल्या सह्याद्रीच्या काळ्या बसाल्टची बारीक खडी, नीट धुऊन घेतली तर, दोन्हीकडे चालते.

आरओचं पाणी चालेल का, हा प्रश्न हमखास येतो. नुसतं नको. त्यात क्षार जवळजवळ नसतात, त्यामुळे वर सांगितलेला आधारच नसतो. पण बोअरचं जड पाणी सौम्य करायला ते उत्तम. टीडीएस ८०० असलेल्या बोअरच्या पाण्यात ४० टीडीएसचं आरओचं पाणी निम्मं-निम्मं मिसळलं तर ४२० होतं, आणि त्यात बरेच मासे सुखानं राहतात. आरओ यंत्रातून वाया जाणारं पाणी मात्र माशांना वापरू नये, त्यात मूळ पाण्यापेक्षा जास्त क्षार साठलेले असतात. पाणी उकळून घेण्याचाही फायदा नाही, उकळल्यानं पाण्यातला प्राणवायूही निघून जातो. बोअरचं ताजं पाणीही लगेच ओतू नये. जमिनीखाली त्यात कार्बन डायऑक्साइड जास्त आणि प्राणवायू कमी असतो. एक दिवस हवा लागली की दोन्ही ताळ्यावर येतात आणि सामू वर सरकतो. सामू मोजायचा तो अशा मुरलेल्या पाण्याचा.

इथपर्यंत पाणी टाकीत घालण्याजोगं झालं. मासे सोडण्याजोगं ते अजून झालेलं नाही, आणि नव्या टाक्यांमधले सर्वांत जास्त मृत्यू याच टप्प्यावर होतात.

मासा कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो. नदीत तो वाहून जातो, टाकीत साठतो. जुन्या, रुळलेल्या टाकीत दोन प्रकारचे जिवाणू तो हाताळतात. एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. पहिली दोन्ही द्रव्यं विषारी, तिसरं बरंच सौम्य. या जिवाणूंचा शोध सर्गेई विनोग्राद्स्की या रशियन शास्त्रज्ञानं १८९० च्या सुमारास मातीत लावला. काचेच्या टाकीत दुसरं काम मुख्यतः नायट्रोस्पायरा गटातले जिवाणू करतात, हे १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून पुढे आलं. हे जिवाणू पाण्यात तरंगत नाहीत, फिल्टरच्या स्पंजवर, खड्यांवर, काचेवर चिकटून राहतात आणि फार सावकाश वाढतात. आपल्या उबदार हवेत त्यांना पुरेसं बस्तान बसवायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. टाकी भरल्याच्या संध्याकाळी मासे सोडले तर त्यांच्या अमोनियाला घ्यायला तिथं कुणीच नसतं. आठ-दहा दिवसांनी होणारे मृत्यू यातून येतात.

इथं सांगलीचं जड पाणी नवशिक्याला जास्त अडचणीत आणतं. पाण्यातला अमोनिया दोन रूपांत असतो आणि त्यातलं एकच फार विषारी आहे. २५ अंश तापमानाला सामू ७ असेल तर विषारी रूप सुमारे अर्धा टक्का असतं. सामू ८ झाला की तेच पाच टक्क्यांच्या वर जातं, साडेआठला पंधरा टक्क्यांच्या आसपास. म्हणजे साताऱ्याच्या हलक्या पाण्यात जेवढा अमोनिया मासा कसाबसा सहन करेल, तेवढाच अमोनिया सामू ८ च्या पाण्यात दहापट घातक ठरतो. तापमान चढलं की आणखी.

म्हणून टाकी आधी महिनाभर माशांविना चालवा. फिल्टर रात्रंदिवस चालू ठेवा, दिवसाआड चिमूटभर माशांचं खाद्य टाका, ते कुजून अमोनिया देतं आणि जिवाणूंना अन्न मिळतं. ओळखीच्या कुणाची जुनी, निरोगी टाकी असेल तर तिच्या फिल्टरमधला मळलेला स्पंज किंवा मूठभर खडी मागून आणा आणि ओली असतानाच आपल्या टाकीत घाला. बाजारातल्या कुठल्याही बाटलीपेक्षा माझा यावर जास्त विश्वास आहे. अमोनिया आणि नायट्राइटची चाचणी शून्य दाखवू लागली की मग दोन-तीन गप्पी सोडा, पंधरा दिवसांनी आणखी दोन-तीन. मुलांना हा महिना फार लांब वाटतो, हे खरं. त्यांना रिकाम्या टाकीत पाणवनस्पती लावू द्या, दर रविवारी चाचणीचा रंग वहीत लिहू द्या. मासे येतील तेव्हा आत काय चाललं आहे हे त्यांना मोठ्यांपेक्षा जास्त कळेल.

मासे आणल्यावर पिशवी न फोडता पंधरा-वीस मिनिटं टाकीत तरंगत ठेवायची, म्हणजे तापमान जुळतं. मग दर पाच-सात मिनिटांनी पिशवीत टाकीतलं अर्धी वाटी पाणी घालायचं. तासाभरात मासा नव्या पाण्याला सरावतो. पिशवीतलं पाणी टाकीत ओतायचं नाही, मासा जाळीनं उचलून सोडायचा.

त्यानंतरचं काम म्हणजे दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलणं. किती ते काढायला टाकीची लांबी, रुंदी, उंची इंचात मोजून गुणाकार करावा आणि ६१ नं भागावं, लिटर मिळतात. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकी ५६ लिटरची. खडे आणि वरची रिकामी जागा वजा जाता पाणी ४५ ते ५०. म्हणजे बारा लिटर, एक बादली. हे बदलणं टाळून नुसतं उडालेलं पाणी भरत राहणं ही सांगलीच्या उन्हाळ्यातली नेहमीची चूक आहे. पाणी वाफ होऊन उडतं, क्षार मागे राहतात. समजा ५० लिटरच्या टाकीतून आठवड्याला ५ लिटर उडतं आणि आपण ६०० टीडीएसचं पाणी भरतो. दर आठवड्याला टीडीएस ६० नं वाढतो, दोन महिन्यांत ६०० चं हजाराच्या वर जातं. उडालेलं पाणी भरायला आरओचं वापरावं, बदलायला नेहमीचं मुरवलेलं.

मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीतलं पाणी हाताला चटका देतं. माशांचं पाणी पहाटे भरावं आणि सावलीत ठेवावं. गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो: २० अंशांना लिटरमागे ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसात, ३५ ला सातच्या आसपास, आणि त्याच वेळी माशाची गरज वाढलेली असते. मार्च २०२३ मध्ये सांगलीजवळ कृष्णेत मासे मोठ्या संख्येनं मेले. नदीचं पात्र उन्हाळ्याच्या तोंडावर आटलेलं असताना सेंद्रिय घाण त्यात शिरली की ती कुजताना पाण्यातला प्राणवायू संपवते. घरच्या टाकीत जास्त खाद्य टाकलं आणि वीज गेली की लहान प्रमाणात तेच होतं. सेलवर चालणारा हवेचा पंप घरी असावा. वीज गेल्यावर तोही नसेल तर मगानं पाणी काढून वरून परत टाकीत ओतत राहावं.

पावसाळ्यात सांगलीकरांनी एक पूर्वतयारी ठेवावी. आयर्विन पुलापाशी पाणी ४५ फुटांवर गेलं की धोक्याची पातळी. २०१९ आणि २०२१ च्या पुरात ते त्याच्या कितीतरी वर गेलं होतं. पुरात पुरवठा थांबतो, आणि तो परत सुरू होतो तेव्हा साथ रोखण्यासाठी क्लोरिनची मात्रा वाढवलेली असते. त्या दिवसांत माणसांसाठी ते आवश्यकच आहे. आपण जुलैच्या सुरुवातीलाच दोन बादल्या मुरवलेलं पाणी झाकून ठेवावं, पूर काळात खाद्य अगदी कमी करावं आणि नवा पुरवठा सुरू झाल्यावर पहिले आठ-दहा दिवस ओटी टेस्ट केल्याशिवाय पाणी बदलू नये.

आपल्या नद्यांचेही देखणे छोटे मासे आहेत. महाबळेश्वरहून मेढ्यावरून येऊन माहुलीला कृष्णेत मिळणाऱ्या वेण्णेतल्या नमुन्यांवरून ई. जी. सायलस यांनी १९५३ साली एका बोटभर लांबीच्या खवल्या माशाचं शास्त्रीय वर्णन केलं आणि त्याच्या नावात सह्याद्री घातला. परदेशातले शौकीन त्याला 'महाराष्ट्र बार्ब' म्हणून ओळखतात. तो थंड, वाहत्या, प्राणवायूनं भरलेल्या ओढ्यांचा मासा आहे. नवशिक्याच्या टाकीसाठी तो नदीतून पकडून आणू नये. त्याला पाहायचं असेल तर पावसाळ्यानंतर पाणी निवळल्यावर नदीकाठी जावं.

टाकीतून काढलेलं पाणी कुंड्यांना घाला, त्यातलं नायट्रेट झाडांना खतच आहे. पण टाकीतले मासे बाहेर सोडू नका. काच साफ ठेवतो म्हणून विकला जाणारा सकर मासा असाच कुणीतरी सोडल्यामुळे पसरला. भीमेवरच्या उजनी जलाशयात तो आता मच्छीमारांच्या जाळ्यात येतो, जाळी फाडतो आणि त्याला गिऱ्हाईक नाही. कास तलावात किंवा कृष्णेच्या घाटावर तशी वेळ आणू नका. मासे सांभाळणं जमत नसेल तर दुकानात परत द्या किंवा ओळखीतल्या दुसऱ्या टाकीवाल्याला द्या.